शेपूट कोण हलवतंय?

१

शेपूट मेलेलं असायला हवं होतं, आणि ते रोज सकाळी उठून कामाला लागत होतं. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

शेपूट ही एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमवाल्यांची. प्रोग्रॅम लिहिणारे लोक सगळं स्वतः लिहीत बसत नाहीत. कोणीतरी आधीच लिहून जगासाठी फुकट, मोकळा ठेवलेला तुकडा उचलतात आणि आपल्या कामात बसवतात. त्या तुकड्याला लायब्ररी म्हणतात. शेपूटचं काम, ओळीच्या शेवटी चुकून राहिलेल्या रिकाम्या जागा कापणं. म्हणजे जे दिसत नाही ते कापायचं, आणि कापलं हेही कोणाला दिसत नाही. असल्या कामाला स्वतःला वाहून घेणारी माणसं जगात आहेत, आणि ती बहुतेक करून एकटी राहतात.

पोस्टमॉर्टमबाईही एकटीच राहायची. हे नाव तिला ऑफिसने दिलं होतं. तिच्या कंपनीचं असल्या लायब्रऱ्यांचं एक मोठं कोठार होतं आणि त्यांची तुलना करणारी एक यादी होती. यादीत दोन रकाने. लोकप्रियता, म्हणजे किती जणांनी पसंतीचा तारा दिला, किती जणांनी उतरवून घेतली. आणि सक्रियता, म्हणजे मालक शेवटचा कधी फिरकला, तक्रारींना उत्तरं देतो की नुसताच पडून आहे. कोणती लायब्ररी जिवंत आणि कोणती गेली हे ठरवून गेलेलीवर करडा शिक्का मारणं, ही बाईची नोकरी. तिच्या घरमालकीणबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमची भाडेकरू लायब्ररीत असते. शांत आहे हो अगदी. कोणी येत नाही, जात नाही."

स्वतःलाही ती याच मापाने मोजायची. सक्रियता बरी होती. लोकप्रियतेचा रकाना तिने स्वतःपुरता उघडलाच नव्हता.

"हे बघा," साहेब पडद्यावरच्या शेपूटच्या नोंदीवर बोट आपटत म्हणाले. "लोकप्रियता तळाला. एके काळी बरेच लोक वापरायचे, आता कुत्रं विचारत नाही. आणि सक्रियता? अख्ख्या कोठारात पहिली! रोज एक तक्रार, रोज एक दुरुस्ती. माझा प्लंबर फोन उचलत नाही, बाई."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? चाळीस ओळींची लायब्ररी आहे. तिच्यात रोज बिघडतं काय?"

बाईने शेपूटची नोंद आपल्या पडद्यावर ओढून घेतली.

फिर्याद दिली होती कात्रीवाल्याने. कात्री ही शेपूटची प्रतिस्पर्धी, तेच काम करणारी आणि भलतीच प्रसिद्ध. त्याचं म्हणणं, शेपूटचा मालक खोटी हालचाल दाखवून यादीत वर चढतोय. वार्षिक तुलना शुक्रवारी जाहीर व्हायची होती. तोपर्यंत निकाल हवा. आणि नियम कडक होता. बनावट ठरलेल्या लायब्ररीला कुलूप, आणि तिच्यातली आजवरची सगळी बोलणी पुसून साफ. शिवाय निकालाची कारणं नावानिशी सगळ्या जगासमोर लिहायची.

बाईने बोलणी उघडली. तक्रार करणारा रोज एकच होता, 'सांडशी' नावाचा. उत्तर देणारा लायब्ररीचा मालक.

'भाराविना तपासले, म्हणजे रिकाम्या फाइलवर. ठीक. भारासह तपासले. शेवटची ओळ गायब. नोंद घ्यावी. – सांडशी'

'वा, छान पकडलंत! दुपारपर्यंत करतो. आज फार गारठा आहे, जपा.'

खाली असंच. त्याच्या खाली असंच. तिने दोघं कुठून लिहितात ते पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसली. दोघंही एकाच घरातून, एकाच इंटरनेटवरून येत होते.

म्हणजे माणूस एकच, आणि तो रोज स्वतःकडे तक्रार करून स्वतःलाच शाबासकी देत होता. तिला राग यायला हवा होता. तिला थोडा हेवा वाटला.

२

कात्रीवाला व्हिडिओवर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून.

"माझे तारे पाहिलेत?"

"पाहिले."

"आत्ता पाहा. वाढले असतील."

बाईने थेट विचारलं, "शेपूटला अडकवायला तुम्हीच तर ही दोन खाती चालवत नाही ना?"

"मी? त्यांच्या घरात बसून?" तो हसला. "अहो, मला गरज काय? कात्री नीट चालते. आजवर एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही." हे दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज जरा उतरला. "नीट चालणाऱ्या गोष्टीशी कोण बोलतं हो? तारा देतात आणि जातात."

"तुम्ही त्यांची बोलणी वाचता?"

"रोज. पुरावा म्हणून." तो कॅमेऱ्यावरची धूळ पुसू लागला, त्यामुळे बाईला बराच वेळ त्याचा अंगठाच दिसत होता. "मध्ये एक आठवडा दोघंही गप्प होते. मला आनंदच झाला. म्हणजे, व्हायला हवा होता. दर तासाला बघत होतो. मग एकदम ती शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"वाचा ना."

तिने वाचलं. गप्प आठवड्यानंतरची पहिली तक्रार अशी होती, 'लायब्ररी सुरू करताच संगणक मोठ्याने शिट्टी वाजवतो. भाराविना वाजते. भारासहही वाजते. नोंद घ्यावी.' दुसऱ्या दिवशी शिट्टी दोनदा. तिसऱ्या दिवशी शिट्टी थांबेचना. मग हळूहळू पुन्हा नेहमीच्या बारीकसारीक चुका, गायब ओळी, जास्तीच्या जागा.

ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापणाऱ्या लायब्ररीला शिट्टी कशाला लागते, याचा विचार करत तिने जेवण थंड केलं. मग आणखी एक गोष्ट तपासली. मालक रोज लायब्ररीची कच्ची प्रत बदलत होता. लोक वापरतात ती पक्की प्रत वर्षभर जशीच्या तशी होती, स्वच्छ, निर्दोष. कच्ची प्रत रोज एकच जण उतरवून घ्यायचा, त्याच घरातून.

आणि गप्प आठवड्यातली कच्ची प्रत? तिने ती उलटीपालटी करून पाहिली. तक्रार करणारा गप्प झाला होता, इथपर्यंत ठीक. पण रोज आजारी पडणारी लायब्ररी त्याच आठवड्यात ठणठणीत झाली होती.

३

शेपूटच्या मालकाने नोंदणीत पत्ता दिला होता. बस शेवटच्या थांब्यापर्यंत जात होती. "तुम्ही स्वतः जाणार?" साहेबांनी विचारलं होतं, बाई चंद्रावर निघाल्यासारखं. त्या ऑफिसातून कामासाठी कोणी कधी कुठे गेलं नव्हतं.

इमारत चार मजली, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. चष्मा कपाळावर, स्वेटर उलटा.

"आत आहे तो," ते म्हणाले, काही न विचारताच. "दार वाजवा. जोरात वाजवा. कानाला लावलेलं असतं."

पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर चादरीने झाकलेलं काहीतरी चौकोनी. भिंतीवर एका बाईंचा फोटो. पलीकडे मुलाची खोली, बंद. दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत आणि जगातली सगळी शांतता.

मुलगा तिशीच्या आतला, दाढी वाढलेली, डोळे लाल. घरूनच कुठल्यातरी कंपनीचं काम करायचा.

"सांडशी कोण आहे?" बाईने विचारलं.

"कोणीतरी चांगला माणूस आहे."

"ओळखता?"

"नाही." हे फार पटकन आलं. "मॅडम, शेपूट बंद करू नका. मुलाखतीला गेलो की दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे."

"सांडशी तुम्हीच आहात, असं फिर्यादीत आहे."

"मी?" तो पहिल्यांदाच हसला. "मला इतकं नीट तपासता येत असतं, तर मी..." पुढचं गिळलं.

दार किलकिलं झालं. म्हाताऱ्यांनी चहाचे दोन कप आत सरकवले.

"साखर तुझी वेगळी ठेवली आहे."

"हं," मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला.

"तुम्ही घ्या हो ताई."

दार बंद. मुलाने कप उचलला, सगळा चहा एका दमात संपवला आणि रिकाम्या कपाकडे बघत राहिला. सांडशीला 'वा, छान पकडलंत' लिहिणारा हात हाच, यावर बाईचा विश्वास बसेना.

निघताना वडील तिला खालपर्यंत सोडायला आले. नको नको म्हटलं तरी आलेच. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते.

"गुडघा दुखतो का?"

"छे. भाराविना ठीक चालतो," ते म्हणाले. "भारासह कुरकुरतो."

बाई जिथल्या तिथे थांबली.

४

"सांडशी तुम्ही आहात," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी आधी वर पाहिलं, मग खाली, मग कठडा घट्ट धरला.

"हळू बोला. जिन्यात आवाज घुमतो."

ते लिफ्ट-तपासनीस होते. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या लिफ्टमधून वर-खाली करण्यात गेली. आधी रिकामी लिफ्ट चालवून बघायची, मग वजनं भरून. भाराविना, भारासह. निवृत्त झाल्यावर घर मिळालं ते बिनलिफ्टचं, आणि यावर ते स्वतःच इतके हसले की त्यांना खोकला आला.

"पण तुम्हाला प्रोग्रॅम कसे येतात?"

"येतच नाहीत. लिफ्ट तरी कुठे बनवता येत होती? तपासता येते."

"मुलाला सरळ सांगायचं ना."

ते पायरीवर बसले. बाईही बसली, कारण उभं राहून असलं ऐकणं बरं दिसत नाही.

"ही होती ना, त्याची आई, तेव्हा सगळं तिच्यामार्फत चालायचं. 'बाबांना म्हणावं फोन ठेवा.' 'त्याला म्हणावं दूध आण.' एकाच खोलीत तिघं बसलेलो, तरी निरोप तिच्याकडून. ती गेली आणि आमच्याकडे एकमेकांशी बोलायचं साधनच उरलं नाही. मी म्हणायचो 'जेवलास?' तो म्हणायचा 'हं.' संपलं. सगळ्या दिवसाचं बोलणं, झालं." त्यांनी स्वेटरची बाही सारखी केली, उलटीच. "मग एकदा त्याच्या पडद्यावर दिसलं, अनोळखी लोक ह्याला चुका दाखवतात आणि हा त्यांच्याशी किती गोड बोलतो! मला 'छान पकडलंत' म्हणतो तो, ताई. 'जपा' म्हणतो."

"आणि त्याला माहीत नाही?"

"माहीत झालं की संपलं. लाजेल. पुन्हा 'हं' वर येईल." त्यांनी तिचा हात धरला. "तुमच्या निकालात नाव येतं म्हणे सगळ्यांसमोर. माझं घालू नका. काहीही करा."

बनावट म्हटलं, तर बोलणी पुसली जाणार. खरी म्हटलं, तर सांडशी कोण हे कारणांत लिहावं लागणार. बाईने दोन्हीकडून विचार करून पाहिला. दोन्हीकडे भिंत.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मध्ये आठवडाभर तुम्ही गप्प का होतात?"

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन. मोतीबिंदू. घरी आलो तरी पट्टी होती, काही दिसत नव्हतं. पण सवय जाते का? चाचपडत बसलो संगणकापाशी. आणि नशीब बघा, नेमकी तेव्हाच ती शिट्टी!"

ते खुशीत हसत वर चढू लागले. बाई मात्र फोन हातात घेऊनच झपाझप खाली उतरली.

५

बसथांबा इमारतीसमोरच होता. चौथ्या मजल्याच्या खिडकीत मुलगा दिसत होता. म्हाताऱ्यांचा गुडघा भारासह चार मजले चढेपर्यंत जेवढा वेळ होता, तेवढाच तिच्याकडे होता. तिने नोंदणीतला त्याचा नंबर लावला.

"मी खाली आहे. नुसतं ऐका. रोजची चूक तुम्हीच पेरता."

खिडकीतली आकृती हलली नाही.

"चाळीस ओळी इतक्या स्वच्छ लिहिणारा माणूस रोज शाळकरी चुका करत नाही. चुका फक्त कच्च्या प्रतीत, जिथे त्यांच्यामुळे कोणाचंही नुकसान होत नाही. सगळ्या अशा, की रिकाम्या किंवा भरलेल्या फाइलवर नेमक्या सापडाव्यात."

"हा काही पुरावा नाही, मॅडम."

"सांडशी दवाखान्यात असताना एकही चूक नाही. अनोळखी माणूस आठवडाभर येणार नाही, हे तुम्हाला आधी कसं कळलं? तो राहतो तिथे गारठा आहे, हे कसं कळतं? आणि तो परत आला तेव्हा त्याला दिसत नव्हतं. म्हणून तुम्ही त्याला ऐकू येईल अशी चूक दिलीत."

खिडकीतल्या आकृतीने काचेला कपाळ टेकवलं.

"तीन दिवस शिट्टीच ठेवली," तो म्हणाला. "मग पट्टी निघाल्यावर मोठ्या अक्षरांतली चूक. मग जरा लहान. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यांना हळूहळू सवय करा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. 'भाराविना' कोण लिहितं हो? लहानपणी माझी सायकलसुद्धा ते तशीच तपासायचे. आधी रिकामी, मग मला बसवून." त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. "ती पहिली चूक खरी होती. त्यांनी पकडली. मग वाटलं, उद्या काय पकडतील? दुसरी चूक नव्हतीच. मग मी बसून एक केली."

"मग त्यांना सांगा ना, की कळलंय."

"आणि मग? समोर बसलो की दोघांनाही काही सुचत नाही. मला माहीत आहे हे त्यांना कळलं, तर ते म्हणतील, पोरगा माझी कीव करतो. दुसऱ्या दिवसापासून चादर संगणकावरून निघायची नाही. मॅडम, त्यांना सांगू नका."

दोघांनी एकाच तासात एकमेकांपासून लपवण्यासाठी तिला शपथा घातल्या होत्या. बाईच्या आयुष्यात आजवर कोणी एक गुपित ठेवायला दिलं नव्हतं, आणि आज ही जोडी.

"निकाल लिहिला तर तुमच्यापैकी एक उघडा पडतो," ती म्हणाली. "निकाल लिहायचाच नसेल, तर एक वाट आहे. मालकाने स्वतः लायब्ररी तुलनेतून काढून घ्यायची. निकालाआधी माघार घेतली तर चौकशीच बंद होते. बोलणी राहतात, कुलूप नाही. पण मग शेपूट कुठल्याच यादीत येणार नाही. शोधलं तरी सापडणार नाही. तारे जातील. मुलाखतीत दाखवायला काही—"

"बटण कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. खिडकीतली आकृती खाली वाकली. तेवढ्यात त्याच्यामागे दार उघडल्याचा आवाज फोनमध्ये आला, आणि दमलेला, धापा टाकणारा एक आवाज, "जेवलास का?"

"हं," मुलगा म्हणाला आणि फोन बंद झाला.

६

"संशयितच पळाला म्हणा की!" शुक्रवारी साहेब खूश झाले. "कबुलीच झाली ही. कोण होतं मग? रोबो?"

"चौकशी बंद झाली की कारणं लिहायची नसतात, साहेब."

"नियम कोणी केला हा?"

"तुम्ही."

"हं," साहेब म्हणाले आणि वार्षिक तुलना जाहीर केली. कात्री पहिली आली. कात्रीवाल्याने आभाराचं पत्र पाठवलं, आणि त्याच्या शेवटी, सहज विचारतो आहे असं दाखवत विचारलं, की ती बोलणी आता वाचायची असली तर कुठे वाचायची.

बाईने कळवलं नाही. त्याची दया आली तरी नाही.

शनिवारी तिला सुट्टी होती. कपडे धुऊन झाले, वाळत घालून झाले. समोरच्या गच्चीवर कोणी नव्हतं. तिने संगणक उघडला. यादीत नसलेल्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता माहीत असला तर कोठारात तिच्यापर्यंत पोचता येतं, आणि तिला तो पाठ होता.

सांडशीने एक वेगळीच तक्रार नोंदवली होती. 'तुलनेच्या यादीत लायब्ररी आढळली नाही. सेवा कायमची बंद आहे काय? खुलासा व्हावा.'

खाली उत्तर होतं. 'बंद नाही. यादीतून मीच काढली. लोकांसाठी ठेवण्यात आता अर्थ नाही, पण तुम्ही तपासणार असाल तर मी चालू ठेवतो. उद्या येणार ना?'

'येणार. वेळेवर.'

तिने आजची कच्ची प्रत उतरवून घेतली. रिकाम्या फाइलवर चालवली. ठीक. भरलेल्या फाइलवर चालवली. तिसरी ओळ दोनदा आली. अगदी साधी, हात पुढे करून ठेवल्यासारखी चूक. आणि सांडशीची आजची नोंद अजून आली नव्हती.

'तक्रार नोंदवा' हे बटण पडद्यावर होतं. दाबलं की पलीकडून कोणीतरी लिहिणार होतं, 'वा, छान पकडलंत.' कदाचित, 'जपा.' तिने बाण बटणावर नेला. तिथेच थांबवला. बाहेर वाळत घातलेल्या चादरीची सावली भिंतीवर हलत राहिली.

मग तिने हात मागे घेतला आणि वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने ओळ उमटली. 'भाराविना ठीक. भारासह तिसरी ओळ दोन वेळा. नोंद घ्यावी.' बाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा ठेवायला उठली.

शेपूटची कच्ची प्रत रोज एकच जण उतरवून घ्यायचा. त्या शनिवारी दोघांनी घेतली. लोकप्रियता एका दिवसात दुप्पट झाली होती, आणि यादी बघणाऱ्या अख्ख्या जगात हे फक्त तिलाच माहीत होतं.